बिल्डिंगमध्ये नुसत्या लाईटींवर किती युनिट जातात हे नीट कसं मोजायचं

दर महिन्याला दोनतीन जण तरी बिलाचा फोटो पाठवतात आणि सोबत एकच वाक्य, "भो, बिल इतलं कसं उनं?" मग विचारतात की सगळ्या ट्यूब बदलून एलईडी टाकल्या तर किती वाचेल. मी उलटं विचारतो, आत्ता नुसत्या लाईटींवर किती जातात? तर उत्तर येतं, तीस ट्यूब गुणिले छत्तीस वॅट गुणिले सतरा तास. हे मोजणं नाही, हा अंदाज आहे. त्यात दोन चुका आहेत, एक वॅटची आणि एक तासांची, आणि तासांची बऱ्याच वेळा मोठी निघते पण तिच्याकडे कोणीच बघत नाही.

खाली सगळीकडे धुळ्यातल्या एका अभ्यासिकेचं उदाहरण धरलंय, जिचं मोजमाप मी स्वतः केलं. जिना आणि बाथरूम धरून १०८० स्क्वेअर फूट जागा, सकाळी ६ ते रात्री ११ चालू. १६ जुन्या ट्यूब तांब्याच्या चोकवाल्या, १० एलईडी ट्यूब, आणि जिन्यात-बाथरूममध्ये ६ एलईडी बल्ब. दुकान, शाळा, हॉस्पिटल, मंगल कार्यालय काहीही असो, पद्धत हीच.

१) आधी तयारी, मीटरला हात नंतर

लागणारं सामान: वही, मोबाईल (व्हिडिओसाठी), टेप, मागच्या तीन महिन्यांची बिलं, आणि जमलं तर एक सबमीटर (मेन मीटरच्या पुढे आपण लावायचा छोटा मीटर). टाँग टेस्टर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजायचं यंत्र) असला तर ठेवा, नसला तरी अडत नाही, त्याच्यावर पुढे बोलतो.

पहिलं काम म्हणजे बोर्डाप्रमाणे यादी. खोलीप्रमाणे नाही, बोर्डाप्रमाणे. कोणत्या बोर्डाचं कोणतं बटण कोणती लाईट लावतं, त्या पट्टीत काय आहे (चोकवाली ट्यूब, एलईडी, स्पॉट, बल्ब), त्यावर छापलेले वॅट किती. एकेक बटण दाबून खात्री करायची. जुन्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्याची गॅलरी खालच्या बोर्डावर निघते, असं इतक्या वेळा झालंय की मी आता मालकाच्या सांगण्यावर यादी करतच नाही.

लोक हमखास विसरतात त्या लाईटी: बाहेरचा बोर्ड, देवाचा झिरो बल्ब, जिन्याखालचा बल्ब, गच्चीवरचा फोकस, शोकेसमधली एलईडी स्ट्रिप, एक्झिटचा दिवा, चार्जिंगला लावून ठेवलेली इमर्जन्सी लाईट. सराफाचं दुकान असेल तर काउंटरच्या काचेआडच्या स्ट्रिपा आणि वरचे स्पॉट वेगळे लिहा, तिथे दुकानाच्या मेन ट्यूबपेक्षा त्यांचेच वॅट जास्त भरतात.

बंद पडलेल्या लाईटीपण लिहा, पण वेगळ्या खुणेने. नवीन आल्यावर तिथे कोणीतरी चालू ट्यूब लावणार आणि मग आकडे जुळणार नाहीत.

क्षेत्रफळ आत्ताच टेपने मोजून टाका. १०.७६ स्क्वेअर फूट म्हणजे १ चौरस मीटर, म्हणजे आपली अभ्यासिका १०० चौरस मीटर झाली.

थांबा आणि बघा: यादीतले दिवे आणि छताकडे बघून मोजलेले दिवे सारखे आले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

२) मीटर वाचायला शिका

महावितरणच्या डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो, ३२०० किंवा १६०० किंवा ६४०० इम्प पर केडब्ल्यूएच असा. ३२०० लिहिलं असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला (एक लुकलुक म्हणजे एक पल्स) की १ युनिट, म्हणजे १ केडब्ल्यूएच. एवढं कळलं की महागडं कोणतंही मशीन न आणता वॅट काढता येतात:

वॅट = (पल्स × ३६,००,०००) ÷ (मीटरवरचा आकडा × सेकंद)

पल्स डोळ्यांनी मोजू नका, मोबाईलने तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि नंतर बसून हळू करून मोजा. तीन मिनिटं का, तर लोड लहान असला की पल्स फार लांब लांब येतात. ३२०० वाल्या मीटरवर एकटा ९ वॅटचा बल्ब लावला तर दोन पल्समध्ये १२५ सेकंद जातात, मग माणूस म्हणतो मीटर बंद आहे. सुरुवात आणि शेवट दोन्ही पल्सवर करा, म्हणजे पल्स लागल्याक्षणी घड्याळ चालू (ती शून्य धरायची, एक नाही) आणि पल्सवरच बंद.

काही मीटरवर दोन दिवे असतात. एक युनिटचा, दुसरा रिॲक्टिव्हचा. कोणता केडब्ल्यूएचचा ते छापलेलं वाचून घ्या. मोठ्या जोडणीत सीटीवाला (करंट ट्रान्सफॉर्मर लावलेला) मीटर असतो, तिथे बिलावर जो गुणक अवयव लिहिलेला असतो त्याने आलेला आकडा गुणावा लागतो.

सावधान: मीटरचं सील, मीटरची पेटी, मीटरच्या आधीची वायर, यातल्या कशालाच हात लावायचा नाही. बाहेरून दिवा दिसतो तेवढाच आपला. सीलशी छेडछाड वीज कायदा २००३ प्रमाणे गुन्हा आहे. आणि डीबीचं (आतल्या मेन स्विचच्या पेटीचं) झाकण उघडायचं असेल तर लायसन्सवाला वायरमन बोलवा.

३) लाईट बाकीच्यापासून वेगळी करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये एका एमसीबीवर (डीबीतला ट्रिप होणारा स्विच) लाईट, पंखा आणि प्लग तिन्ही असतात, त्यामुळे "लाईटचा एमसीबी" म्हणून जो दाखवतात त्यावर मीटर लावला तर कूलरपण त्यातच मोजला जातो. खान्देशात एप्रिल-मे मध्ये कूलर आणि पंखे चोवीस तास असतात, तेव्हा अशा मोजणीतून लाईटचा आकडा दुप्पट आला तर नवल नाही.

म्हणून वजाबाकीची पद्धत. अभ्यासिका असेल तर सकाळी पोरं यायच्या आधी साडेपाचला जा, पंखे बंद ठेवायला कोणी तयार होईल अशी तीच एक वेळ.

आधी सगळं बंद करा, फ्रिज, वॉटर कूलर, पंप, टीव्ही, चार्जर. जे बंद करता येत नाही (सीसीटीव्हीचा डीव्हीआर, राऊटर) ते चालू राहू द्या. या अवस्थेत तीन मिनिटं पल्स मोजा. हा झाला पाया.

मग फक्त लाईटी लावा, यादीतल्या सगळ्या. वीस मिनिटं थांबा. ट्यूबला तापून स्थिर व्हायला वेळ लागतो, एलईडीचेपण वॅट सुरुवातीला थोडे वेगळे असतात. मग परत तीन मिनिटं.

अभ्यासिकेत पायाच्या ५ पल्स आल्या, लाईटी लावल्यावर १६५. म्हणजे लाईटींच्या १६० पल्स १८० सेकंदात, मीटर ३२०० वाला, सूत्रात टाकलं तर बरोबर १००० वॅट. छापलेल्या वॅटची बेरीज होती ८३० (१६ × ३६, १० × २०, ६ × ९). वरचे १७० वॅट जवळपास सगळे तांब्याच्या चोकांचे. ३६ छापलेली ट्यूब चोक धरून ४७ च्या आसपास घेते, पण छापतात नुसत्या ट्यूबचे.

आता अडचणीच्या तीन जागा.

इन्व्हर्टर. लाईट जाऊन आली असेल तर बॅटरी चार्ज होत असते आणि ते वॅट तुमच्या लाईटींमध्ये मिसळतात. बॅटरी फुल होईपर्यंत थांबा आणि मोजताना इन्व्हर्टर बायपासवर टाका. एका हॉस्पिटलच्या वायरमनने भारनियमनानंतर अर्ध्या तासात मोजलं होतं आणि त्यावरून मालकाने सगळ्या लाईटी बदलायचं कोटेशन मागवलं, मी परत मोजलं तर लाईटी निम्म्याच निघाल्या, बाकी बॅटरी पीत होती.

सोलर. छतावर पॅनल असतील आणि नेटमीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) असेल तर दिवसा हे मोजायचंच नाही. पॅनलची वीज आधी घरात वापरली जाते, ती या मीटरपर्यंत येतच नाही, आणि काही मीटरवर वीज बाहेर जाताना पण पल्स लुकलुकते. अंधार पडल्यावर मोजा.

व्होल्टेज. संध्याकाळी आपल्याकडे गावात व्होल्टेज पडतं हे सांगायला नको. चोकवाली ट्यूब व्होल्टेज पडलं की कमी वॅट घेते आणि मंद होते, चांगल्या ड्रायव्हरची (आतल्या सर्किटची) एलईडी मात्र जवळपास तेवढेच वॅट घेत राहते. पहाटे मोजाल तर व्होल्टेज चढं असतं, म्हणून चोकवाल्या ट्यूबांचा आकडा थोडा जास्त येतो. जमलं तर रात्री आठला अजून एकदा मोजा, नाही जमलं तर निदान वहीत व्होल्टेज लिहून ठेवा.

टाँग टेस्टरवाल्यांसाठी

टाँग टेस्टरने अँपिअर येतात, वॅट नाही. अँपिअर गुणिले २३० केलं की वॅट मिळतात असं समजणारे चोकवाल्या ट्यूबवर हमखास फसतात. कपॅसिटर नसलेल्या ३६ च्या ट्यूबला ०.४३ अँपिअर जातात, २३० ने गुणलं तर ९९ येतात, आणि मीटर मोजतो ४७. दुप्पट चूक! घरगुती आणि छोट्या दुकानाच्या मीटरवर बिल वॅटचं येतं, त्या ९९ चं नाही. स्वस्तातल्या एलईडी बल्बचंही असंच, पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट गुणिले अँपिअर) निम्म्यावर असतो. वॅट दाखवणारा टेस्टर असेल तरच तो आकडा धरा.

आणि जबड्यात फक्त फेजची वायर घ्यायची. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतल्या तर शून्य दिसतं. लोड फार कमी असेल तर वायरचे दहा वेढे जबड्यातून फिरवा आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा.

चेक: मोजलेले वॅट छापलेल्यापेक्षा बरेच कमी आले तर काहीतरी लावायचं राहिलंय किंवा काही ट्यूब पेटतच नाहीयेत. चोकवाल्या असूनही बरोबर सारखे आले तरी संशय घ्या.

४) गटागटाने वॅट काढा

एकूण १००० कळले, पण सगळ्या लाईटी सारखा वेळ चालत नाहीत, म्हणून गट पाडायचे. गट पाडायचा तो चालण्याच्या वेळेप्रमाणे. अभ्यासिकेत चार झाले: खिडकीकडच्या ८ जुन्या ट्यूब, आतल्या ८ जुन्या ट्यूब, १० एलईडी ट्यूब, जिना-बाथरूमचे ६ बल्ब. प्रत्येक गट एकटा लावून परत पल्स मोजल्या. आले ३७६, ३७६, १९४ आणि ५४. बेरीज १००० जुळली. लहान गटाला दहा मिनिटांचा व्हिडिओ लागतो, कंटाळा करू नका.

५) तास: इथे सगळे आळस करतात

मालक म्हणाले सतरा तास, कारण कुलूप सतरा तास उघडं असतं. कुलपाचे तास आणि लाईटीचे तास एक नसतात.

एक कागद बोर्डाजवळ चिकटवा. आडवे तास, उभे गट. बसायला जो पोरगा असतो तो दर तासाला बघून चालू असेल तिथे टिक करेल. सात दिवस, त्यात रविवार आलाच पाहिजे. पहिल्या दिवशी तो संध्याकाळी एकदम सगळ्या टिका मारणार हे धरून चाला, म्हणून मी त्याला टिक ऐवजी दर तासाला हॉलचा एक फोटो काढायला सांगतो, फोटोवर वेळ असते आणि नंतर मीच बघून भरतो. ज्यांच्याकडे सीसीटीव्ही आहे त्यांनी तर रेकॉर्डिंग पुढे सरकवत बघावं, हॉलसाठी त्याच्यासारखं सोपं काही नाही. जिना आणि बाथरूम मात्र रात्री बारानंतर एकदा स्वतः जाऊन बघाच.

आमच्या सात दिवसांची सरासरी अशी निघाली. खिडकीकडच्या ७ तास, आतल्या साडेपंधरा, एलईडी १४, आणि जिना-बाथरूमचे बल्ब २० तास, कारण ते रात्री कोणी बंदच करत नव्हतं.

गुणाकार:
३७६ × ७ = २६३२
३७६ × १५.५ = ५८२८
१९४ × १४ = २७१६
५४ × २० = १०८०
एकूण १२,२५६ वॅट-तास, म्हणजे दिवसाला १२.२६ युनिट, तीस दिवसांचे ३६८.

आता गंमत बघा. मालकांचा हिशोब ८३० × १७, म्हणजे दिवसाला १४.११ आणि महिन्याला ४२३. वॅट कमी धरले आणि तास जास्त धरले, दोन चुका एकमेकींवर पडल्या म्हणून आकडा फार लांब गेला नाही. पण कोणी नुसते वॅट बरोबर मोजून तास १७ च ठेवले असते तर महिन्याला ५१० आले असते, म्हणजे अर्धंच काम नीट केल्यावर चूक वाढली.

सीझनचं विसरू नका. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहालाच दिवस मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे लोक म्हणतात उन्हाळ्यात लाईट कमी. आपल्याकडे तसं नाही! मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की खिडक्यांना हिरवी नेट, पडदे, गोणपाट लागतं आणि भर दुपारी बारा वाजता आत ट्यूब लावून बसावं लागतं. अभ्यासिकेतल्या खिडकीकडच्या ट्यूब हिवाळ्यात ७ तास होत्या, मे मध्ये ११ झाल्या. म्हणून वर्षाचा आकडा हवा असेल तर हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्यातले ढगाळ दिवस असा तीनदा आठवडा धरा. आखाजी (अक्षय्य तृतीया), दिवाळी किंवा परीक्षेच्या तोंडावरचा आठवडा सरासरीसाठी घेऊ नका, तो वेगळा लिहा.

६) पडताळणी

मोजलेलं खरं की खोटं हे आता कळणार. दोन मार्ग आहेत.

वायरिंग वेगळं करता येत असेल तर लाईटच्या सर्किटवर वायरमनकडून सबमीटर बसवून घ्या, सात दिवस ठेवा. त्यात फेज ज्या सर्किटचा, न्यूट्रलपण त्याचाच गेला पाहिजे. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल शेजारच्या सर्किटमधून उसना घेतलेला असतो, मग सबमीटर काहीही दाखवतो किंवा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडत राहतो. आमच्याकडे सात दिवसांचे हिशोबाने ८६ यायला हवे होते, सबमीटरने ८८ दाखवले. चालेल. माझा स्वतःचा नियम, पाच टक्क्यांपर्यंत सोडून द्यायचं, दहाच्या वर गेलं तर यादीत एखादी लाईट राहिलीये किंवा प्लगला कोणीतरी काहीतरी लावलंय.

वायरिंग वेगळं होत नसेल तर बिलाशी ताडून बघा. एकूण युनिटमधून लाईटचे वजा करा, उरलेले पंखे, कूलर, पंप यांना पटण्यासारखे आहेत का? इथे एक चूक होते, लोक बिलावरच्या महिन्याचे नाव बघतात. तारखा बघा. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग यांच्यामध्ये किती दिवस आहेत ते मोजा, कधी २८ असतात कधी ३४. आणि सरासरीने आलेलं बिल असेल तर ते ताडून बघायला घेऊच नका.

भारनियमन होतं त्या तासांचं काय? लाईट इन्व्हर्टरवर चालली तरी ती वीज मीटरवरूनच येते, फक्त नंतर येते आणि बॅटरीत काही वाया जाऊन येते. त्यामुळे ते तास कागदावर धरायचे, पण वेगळ्या पेनाने, नाहीतर बिलाशी थोडं अंतर राहतं आणि ते कुठून आलं हे समजत नाही.

७) चौरस मीटरला किती

दुसऱ्या बिल्डिंगशी तुलना करायची तर नुसते युनिट कामाचे नाहीत. दोन आकडे काढा.

एक, वॅट भागिले चौरस मीटर. आमचे १००० ÷ १०० = १०. एनर्जी ऑडिटवाले याला लायटिंग पॉवर डेन्सिटी म्हणतात.

दोन, वर्षाचे युनिट भागिले चौरस मीटर. १२.२६ × ३५० दिवस = ४२९१, म्हणजे चौरस मीटरला ४३. युरोपच्या ईएन १५१९३ स्टँडर्डमध्ये हाच आकडा लेनी नावाने येतो, आणि त्यात इमर्जन्सी लाईटचं चार्जिंग आणि सेन्सरचा स्टँडबाय पण धरतात, आपण ते यादीत लिहिलंय म्हणून जोडता येतं. हा ४३ हिवाळ्याच्या तासांवरचा आहे, मे धरला की वर जातो.

पहिला आकडा जास्त असेल तर फिटिंग बदला. पहिला ठीक आणि दुसरा जास्त असेल तर बटणं बंद करायची सवय लावा, नवीन ट्यूब घेऊन काही होणार नाही.

८) बदलल्यावर परत मोजा, तसंच

बदलण्याआधी अजून एक काम, टेबलावर लक्स (उजेडाचं माप) मोजून ठेवा, नाहीतर नंतर उजेड कमी झाला म्हणून युनिट कमी झाले की खरंच बचत झाली ते सांगता येणार नाही. वाचायच्या टेबलावर साधारण ३०० लक्स धरतात. मोबाईलचं ॲप आकडा भलताच सांगू शकतं, पण आधी-नंतर त्याच मोबाईलने, त्याच जागी, रात्रीच मोजलं तर फरक कळतो.

अभ्यासिकेत १६ जुन्या ट्यूब काढून १८ वॅटच्या एलईडी टाकल्या. बदलायला हव्या होत्या का, तर आतल्या ८ नक्कीच, साडेपंधरा तास चालायच्या. खिडकीकडच्या ८ अजून वर्षभर राहिल्या असत्या तरी चाललं असतं, पण मालकांना सगळं एकसारखं दिसायला हवं होतं. हिशोबाने आता १००० चे ५३६ वॅट व्हायला पाहिजे होते. परत पहाटे गेलो, तोच मीटर, तीच वीस मिनिटं, तोच तीन मिनिटांचा व्हिडिओ, पायाच्या ५ वजा करून ९३ पल्स. म्हणजे ५८१ वॅट. जुन्या एलईडी आणि बल्बचे २४८ काढले तर नव्या ट्यूबला जवळपास २१ पडले, पट्टीवर १८ छापलेलं. दुकानदाराला व्हिडिओ दाखवला तर म्हणे, "भो, इतलं त चालस." मालकांनी मात्र वहीत १८ खोडून २१ लिहिलं, आणि जिन्याच्या बल्बला टायमर घ्यायचा की पोराला बंद करायला सांगायचं यावर अजून त्यांचं ठरत नाहीये.